विज्ञान कोणाच्या मुलांसाठी?



लहान मुलांच्या विज्ञानशिक्षणावर बोलावे असे आमंत्रण आले, तेव्हा संयोजकांची काही गफलत झाली असावी असे आम्हांस प्रथम वाटले. आमचे शाळेतील शिक्षण नववीपाशी संपले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तरीही आमंत्रण स्वीकारले. ह्या विषयाचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार नजरेस आली, ती सांगावीशी वाटली. मुलांना विज्ञान कसे शिकवावे हा वाद वरवर पाहता पद्धतीचा दिसतो. परंतु थोडे खोल गेले की तो विज्ञान कोणाच्या मुलांना शिकवावे ह्या वादाला जाऊन मिळतो. आणि तो वाद तर आमच्या नेहमीच्या कामातलाच आहे.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीत, कास्टिंग घासून साफ करण्याच्या खात्यातील कामगारांना खोकल्याचा फार त्रास होऊ लागला. धूळ ओढून नेणारा पंखा नीट चालत नाही अशी त्यांची तक्रार होती. पंखा चालू आहे, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. आणि ते खरेही होते, कारण त्याचा आवाज सर्वांना ऐकू येत होता. आम्ही तीन पत्रे लिहिली. तीनही पत्रांस तेच उत्तर आले. तेव्हा चौथी शिकलेल्या एका वयस्क कामगाराने पाळी सुरू होण्याआधी एक उदबत्ती पेटवली आणि एकेका यंत्रापाशी तो ती धरीत गेला. पहिल्या दोन यंत्रांपाशी धूर सरळ नळीच्या तोंडात ओढला गेला. तिसऱ्या यंत्रापासून पुढे तो जागच्या जागी वर चढू लागला. त्याने खडूने खुणा केल्या आणि सुपरवायझरला बोलावून पुन्हा तेच करून दाखविले. नळी उघडली, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्रांच्या मध्ये धुळीचा थर बसून वाट बुजलेली निघाली. पंखा खरोखरच चालू होता. फक्त वारा पुढे पोहोचत नव्हता.

हे तुम्हांला शिकविले कोणी, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "शिकवायचं काय त्यात? धूर कुठं जातो ते बघितलं." आम्हांला मात्र ते उत्तर आजही पुरे पडत नाही. शंका घेणे, ती तपासण्याची युक्ती काढणे, एका जागेची दुसरीशी तुलना करणे, खूण करून ठेवणे आणि दुसऱ्याला पुन्हा करून दाखविणे, ह्यालाच तर विज्ञान म्हणतात. हे जर एका माणसाला पन्नाशीत आपोआप साधते, तर दहा वर्षांच्या मुलाला ते शाळेत का शिकविता येऊ नये? आणि आजवर कोणी ते शिकवून पाहिले आहे काय?

पाहिले आहे, आणि एकदाच नव्हे. त्यांपैकी दोन प्रयत्नांची हकीकत आज सांगावयाची आहे. एक विलायतेतील, दुसरा आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील. दोहोंच्या मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण शेवट चमत्कारिक रीतीने सारखा आहे.

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात किंग्ज सॉम्बोर्न नावाचे शेतमजुरांचे एक खेडे होते. तेथे रिचर्ड डॉज हा धर्मोपदेशक होता. त्याने १८४२ साली गावात शाळा काढली. त्या काळी मजुरांच्या मुलांसाठी ज्या शाळा असत, त्यांत थोडे वाचन, थोडे लेखन आणि पुष्कळसे धर्मवचनांचे पाठांतर एवढाच कारभार होता. डॉजने एक निराळे सूत्र धरले. मुलाच्या रोजच्या नजरेतील वस्तू हाच त्याचा धडा. चुलीवरची किटली, विहिरीवरचा पंप, अंगावरचे कपडे, जळणारी मेणबत्ती, शेतातील अवजारे, बागेतील झाडे. उष्णतामापक आणि वायुभारमापक वर्गात आणून मुलांच्या हाती दिले जात. गणितासाठी मुले खोली मोजीत, लाकूड मोजीत. दुसरी गोष्ट अशी की, त्याने शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले एकाच बाकावर बसविली. मजुरांकडून फी कमी घेतली आणि बऱ्या स्थितीतील लोकांकडून जास्त. सरकारी तपासनीस मोझली ह्याने त्या शाळेची आपल्या अहवालांत प्रशंसा केली. ह्या शिक्षणास पुढे 'सामान्य वस्तूंचे विज्ञान' असे नाव पडले आणि काही वर्षे सरकारने शाळांना उपकरणे घेण्यासाठी अनुदानही दिले.

मग काय झाले? १८६० साली ब्रिटिश असोसिएशन ह्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड रॉट्स्ली हे होते. त्यांनी अशा शिक्षणाविषयी लिहिताना एका शाळेतील प्रसंग नोंदविला आहे. वर्गात प्रश्न विचारला गेला आणि एक गरीब, अपंग मुलगा लंगडत पुढे आला व त्याने अत्यंत समर्पक उत्तर दिले. लॉर्डसाहेबांनी त्या मुलाचे कौतुक केलेच. पण त्यांना काळजी निराळीच लागली. वरच्या वर्गातील मुलांना असे काही येत नाही; तेव्हा निर्धनांची बुद्धी धनवंतांच्या बुद्धीहून अधिक तयार झाली, तर ती समाजाची स्थिती निकोप म्हणता येणार नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. ह्यावर उपाय म्हणून त्यांचे लक्ष वळले ते वरच्या वर्गातील मुलांना विज्ञान देण्याकडे.

दोनच वर्षांनी, १८६२ साली, शिक्षणखात्याचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो ह्यांची सुधारित नियमावली अमलात आली. शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणित ह्या तीन विषयांतील परीक्षा ह्यांवर ठरू लागले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर मास्तरांना पीस रेट लागला. जितकी मुले पास, तितके पैसे. पीस रेटवर काम करणारा कामगार ज्या कामाचा दर लागत नाही ते काम करीत नाही. तद्वत मास्तरांनीही किटली आणि उष्णतामापक कपाटात ठेवून दिले. लो ह्यांनी विज्ञान मारण्यासाठी नियम केला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना खर्च आटोक्यात आणावयाचा होता. परंतु गरिबांच्या मुलांचे विज्ञान वाचविण्यासाठी त्या वेळी वजनदार माणसांपैकी फारसे कोणी उभे राहिले नाही, हेही तितकेच खरे आहे.

आपल्याकडे ह्याच सुमारास काय चालले होते? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी जे निवेदन दिले, ते आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गात दरवर्षी वाचतो. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पण त्यांनी शिक्षणक्रमही सुचविला होता. त्यात मोडी-बाळबोध वाचन, लेखन, हिशेब ह्यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे होते. शिवाय शिक्षक कसा असावा? तर प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरावयास ज्याला लाज वाटणार नाही असा. हाताला आणि डोक्याला एकत्र आणण्याची ही मागणी महाराष्ट्रात इतकी जुनी आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचेच सहकारी होते, हे येथे सहज सांगून ठेवतो.

पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली. हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा. कापसाच्या बोंडापासून सुतापर्यंत जाताना माती, हवामान, यंत्र, हिशेब हे सारे शिकावयाचे. कल्पना मोठी होती. परंतु पुढे बहुतेक ठिकाणी टकळी राहिली आणि तिच्यामागचा प्रश्न गळून गेला. खेड्यातील मुलाला चरखा आणि शहरातील मुलाला पुस्तक, अशी वाटणी होऊ लागली, तेव्हा खेड्यातील बापानेही पुस्तकच मागितले. त्याला दोष देता येणार नाही.

आता दुसरी हकीकत. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी होशंगाबाद जिल्हा आहे. आज त्याचे नाव नर्मदापुरम् आहे. होशंगाबाद शहरालगत रसूलिया येथे क्वेकर पंथीयांचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' होते. त्याच जिल्ह्यातील बनखेडी भागात अनिल सद्गोपाल ह्यांनी 'किशोर भारती' ही संस्था काढली. सद्गोपाल हे जीवशास्त्रातील संशोधक; मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून ते खेड्यात गेले. ह्या दोन संस्थांनी सरकारची परवानगी मिळवून १९७२ साली सोळा सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. 'होशंगाबाद विज्ञान' ह्या नावाने पुढे ओळखला गेलेला कार्यक्रम तो हाच. ह्या कल्पनेचे एक बीज मुंबईत होते. टाटा संस्थेतील काही शास्त्रज्ञ त्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांत असे प्रयोग करून पाहत होते. त्यांतील वि. गो. कुलकर्णी हे पुढे १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे प्रमुख झाले.

होशंगाबादेत नेमके काय होत असे ते सांगितल्याशिवाय त्याचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही. वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या असत. प्रत्येक टोळीपुढे साहित्य असे आणि हाती 'बाल वैज्ञानिक' नावाचे पुस्तक. ह्या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की त्यात प्रयोग कसा करावा ते सांगितलेले असे आणि त्यावर प्रश्न असत, परंतु उत्तरे नसत. उत्तर मुलांनी करून, पाहून, आपसांत भांडून आणि स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावयाचे.

पाने आणि मुळे ह्यांचाच धडा घ्या. मास्तर सांगत नाहीत की वनस्पतींचे दोन प्रकार आहेत. मुले शाळेबाहेर फेरीला जातात, रोपे मुळांसकट उपटून आणतात आणि तक्ता मांडतात. ज्वारीच्या पानाच्या शिरा एकमेकींना समांतर, मुळे झुपक्यासारखी. गवताचेही तसेच. चवळीच्या पानाच्या शिरा जाळीदार आणि मूळ एकच, खाली सरळ गेलेले. दहा-पंधरा रोपे झाली की एखादी मुलगी तक्त्याकडे पाहून म्हणते, पान पाहिले की मूळ न उपटता सांगता येईल! मग सगळा वर्ग तिची परीक्षा घेतो. आता तो नियम तिचा झाला. मापनाच्या धड्यात तेच. एकच लांबी सर्वांनी मोजावयाची आणि प्रत्येकाचे उत्तर थोडे निराळे येते. मग खोटे कोण बोलते? कोणीच नाही. मोजण्यात चूक राहतेच. ती किती राहते हे ओळखणे म्हणजे मापन, हे अकरा वर्षांच्या मुलाला तेथे उमगते. आमच्या ओळखीच्या कित्येक अधिकाऱ्यांना ते निवृत्तीपर्यंत उमगले नाही.

साहित्य महाग असेल तर गरीब शाळेत ते कपाटात कुलूपबंद होते, हे ह्या मंडळींना चांगले ठाऊक होते. म्हणून वनस्पतींचे भाग सुटे करण्यासाठी विकतच्या सुयांऐवजी त्यांनी बाभळीचे काटे घेतले. काटा मोडला तर मास्तरांना जाब द्यावा लागत नाही आणि दुसरा काटा कुंपणावर आहेच. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अरविंद गुप्ता हे तरुण अभियंता १९७८ साली रजा घेऊन तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृती करण्याची त्यांची युक्ती तेथेच जन्मली. पुढे पुण्यातील आयुका संस्थेच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी कित्येक वर्षे मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. चौकोन दाबला की तिरपा होतो आणि त्रिकोण होत नाही, हे कळावयास दोन आगकाड्या कमी-जास्त करणे पुरते. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात ते मग निराळे सांगावे लागत नाही.

परंतु काट्यांपेक्षा आणि काड्यांपेक्षाही दोन गोष्टी आम्हांस मोठ्या वाटतात. पहिली, शिक्षक. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांचे वर्ग भरत आणि तेथे शिक्षक मुलांसारखेच टोळ्या करून तेच प्रयोग करीत. विद्यापीठांतील प्राध्यापक आणि संशोधक त्यांच्या शेजारी जमिनीवर बसत. 'मला ठाऊक नाही, आपण करून पाहू,' असे म्हणण्याची मुभा तेथे शिक्षकाला प्रथमच मिळाली. पुढे वर्षभर महिन्याला बैठक होई आणि वर्गात काय फसले ते मोकळेपणी सांगितले जाई. युनियनचे काम केलेल्या माणसाला ह्या मासिक बैठकीचे मोल सांगावे लागत नाही. एकटा माणूस फसला की गप्प बसतो. चारजण फसलेले भेटले की चूक सापडते.

दुसरी गोष्ट परीक्षा. परीक्षेस बसताना पुस्तक आणि वही जवळ ठेवण्यास परवानगी असे, आणि हाताने प्रयोग करून दाखविण्याचीही परीक्षा असे. पुस्तक समोर असता कॉपी कसली करणार? तेथे स्मरणाची परीक्षा उरत नाही, विचाराचीच उरते. लो साहेबांच्या पीस रेटने किंग्ज सॉम्बोर्नचे जे केले, ते आपले होऊ नये म्हणून परीक्षेलाच हात घालणे हा शहाणपणा होता.

१९७८ साली हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांत लागू झाला. १९८२ साली तो चालविण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. नाव मोठे मार्मिक आहे. अंगठा मागणाऱ्या गुरूची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पुढे तो इतर जिल्ह्यांतील शेकडो शाळांत पोहोचला. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एकलव्यने 'खुशी-खुशी' ही निराळी पुस्तके काढली. मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्राने विचारावा म्हणून 'सवालीराम' नावाचे एक पात्र निर्माण केले होते. मुले पत्रे पाठवीत आणि सवालीराम प्रत्येकाला उत्तर देई. जिथे बापाला कचेरीतून पत्राचे उत्तर येत नाही, तिथे मुलाला येऊ लागले.

आणि २००२ साली, तीस वर्षांनंतर, राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. ह्या मुलांना पुढच्या बोर्डाच्या परीक्षेत गुण कमी पडतात आणि राज्यभर एकच पुस्तक असावे, असे मुद्दे पुढे करण्यात आले. देशभरातील शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध नोंदविला. निर्णय फिरला नाही.

ह्यावर संतापून दोन वाक्ये बोलणे आम्हांस सोपे आहे, परंतु संप फसला की आम्ही प्रथम आपल्या चुका मोजतो. सरकारी यंत्रणेत काम करावयाचे म्हणजे शिकून तयार झालेला शिक्षक बदलून जातो, संपलेले साहित्य वेळेवर भरून येत नाही, आणि शेकडो शाळा झाल्या की सोळा शाळांइतके लक्ष पुरत नाही. नववीत गेले की मुलाला पुन्हा पाठांतराच्या घाण्यालाच जुंपले जाते. तेथील गुण पाहून आईबापांचा जीव खालीवर होतो. त्यांची भीती खोटी नव्हती. ह्या गुन्ह्यातून आम्हीही मुक्त नाही. आमचा मुलगा चौथीत असताना त्याने एकदा विचारले की भरतीचे पाणी येते तेव्हा ते येते कोठून. सभेहून दमून आलो होतो. 'परीक्षेत आहे तेवढे पाठ कर' असे आम्ही त्याला म्हणालो. तो पुन्हा काही विचारावयास आला नाही. दिवसभर कामगारांना 'साहेबाला प्रश्न विचारा' म्हणून सांगणाऱ्या माणसाने घरी हे उत्तर दिले, ही गोष्ट आजही बोचते.

म्हणून दोन्ही हकीकतींचा आम्ही लावतो तो अर्थ असा. किंग्ज सॉम्बोर्नला एक भला धर्मोपदेशक होता, होशंगाबादेत कितीतरी भली माणसे होती. योजना चांगली होती, मुले शिकत होती. उणीव होती ती एवढीच की, ज्यांच्या मुलांसाठी हे चालले होते, ते मजूर आणि शेतकरी ह्या हक्काचे मालक म्हणून संघटित नव्हते. वरून मिळालेली गोष्ट वरूनच काढून घेतली जाते. बोनस असाच जातो, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. सद्गोपाल पुढे छत्तीसगढमध्ये शंकर गुहा नियोगी ह्यांच्या खाण कामगारांच्या चळवळीशी जोडले गेले, ह्यात आम्हांस नवल वाटत नाही. दल्ली-राजहराच्या त्या कामगारांनी स्वतःच्या वर्गणीने शाळा काढल्या, १९८३ साली शहीद रुग्णालय उभे केले. नियोगींचा १९९१ साली खून झाला. रुग्णालय कामगारांचे होते म्हणून टिकले.

होशंगाबादचे काम वाया गेले असेही नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष प्रा. यशपाल होते आणि पाठांतरापासून शिक्षण सोडविण्याची भाषा त्यात आली. संविधानात तर १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्यच ठरविले आहे. कर्तव्य सर्वांवर टाकले. त्याचे शिक्षण मात्र फी भरू शकणाऱ्यांच्या शाळेत. आज महागड्या शाळांच्या जाहिरातींत 'करून शिका' हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. लॉर्ड रॉट्स्लींना समाधान वाटले असते.

आम्ही काय करतो, असे कोणी विचारील. फार नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत एक लोखंडी कपाट रिकामे केले आहे. त्यात दोन तराजू, चार भिंगे, उष्णतामापक, मोजपट्ट्या, सायकलच्या नळीचा गुंडा आणि आगपेट्या आहेत. रविवारी सकाळी कामगारांची मुले येतात. कधी वीस, पावसाळ्यात पाच-सहा. गेल्या वर्षी एका टोळीने वस्तीतील नळाला पाणी किती वाजता येते आणि एक बादली भरावयास किती वेळ लागतो ते सलग एक महिना लिहून ठेवले. घड्याळ एकाचे पुढे, एकाचे मागे. त्यावरून भांडणे झाली, मग घड्याळे जुळविली. तो तक्ता त्यांच्या आयांनी प्रभागाच्या कचेरीत नेला. पाणी अजून वाढलेले नाही. परंतु 'पाणी नियमित येते' असे आता त्या आयांना कोणी तोंडावर सांगत नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांची मुले महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, त्यांना एकच विनंती आहे. पुढील पालकसभेत गुणांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : ह्या महिन्यात आमच्या मुलाने स्वतःच्या हाताने काय करून पाहिले? उत्तर आले नाही तर पुढल्या महिन्यात पुन्हा विचारा, आणि एकट्याने विचारू नका.